तिसरी ओळ

म्हापशाच्या बाजारात, कुंभारांच्या ओळीमागे,
रुझार आल्फायताच्या दुकानात मी काजं करायचो.
वय अकरा. मजुरी दुपारी एक उंडो,
शनिवारी चार आणे.

गाणं आलं ते बाबुलोच्या तोंडातून.
कागद नको, म्हणाले होते, कागद सापडतो.
सातार्ड्याहून रात्रीचा निघाला,
तेरेखोलच्या गळाभर पाण्यातून अलीकडे आला,
काठावर कुत्रं मागे लागलं
आणि तिसरी ओळ तिथंच कुठंतरी पडली.
पहिल्या दोन त्याने सांगितल्या. चौथी सांगितली.
तिसरीला नुसता हवेत हात नेला:
"अशी कायशी वर जाते."

रुझारने मशीन जोरात हाणलं
आणि त्या खडखडाटाखाली चाल धरली.
लहानपणी इगर्जेत सोल्फा घोटलेला माणूस,
चाल त्याच्या कानात एकदा शिरली की
भाडं न देता राहायची.
तिसऱ्या ओळीला त्याने ओठ मिटले,
नाकातूनच ती वर नेली.
पुढे आम्ही सगळ्यांनी तशीच नेली.

बावटाही त्याच मशीनवर झाला.
नमुन्याला वर्तमानपत्रातला फोटो, भजी बांधून आलेला.
वरची पट्टी करडी, खालची जरा जास्त करडी.
वर भगवा की हिरवा, ह्यावर दोन रात्री भांडण.
हिरवं कापड क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलाचं,
तिथं झाडूला जाणाऱ्या द्वारकीने
कडेकडेने कातरून पोटाशी बांधून आणलं.
भगवं तिनेच केलं,
हळदीच्या पाण्यात चिमटीचिमटीने चुना टाकत.
एकदा हात चुकला
आणि वारभर कापडाचं कुंकू झालं.
चक्र मी भरलं. फोटोवर नेमका तिथं तेलाचा डाग.
आरे तेवीस झाले की चोवीस,
अजून शपथेवर सांगणार नाही.

मिलाग्रीशच्या फेस्ताच्या सोमवारी,
खाज्यांच्या, मातीच्या भांड्यांच्या गर्दीत,
तो कंदिलाच्या खांबावर चढला.
नऊ मिनिटं होता. लोक म्हणतात पाच.
खाली बायकांनी गाणं उचललं,
आणि तिसऱ्या ओळीला
सबंध बाजार ओठ मिटून घुमला,
माशांचं मोहोळ उठावं तसा.

चौकीतल्या शेफाला मराठी येत नव्हतं,
दुभाष्याला गाणं येत नव्हतं.
पहिली ओळ उलथून झाली, दुसरी झाली.
तिसरीला रुझार नाकातून वर गेला.
शेफ खुर्चीवरून उठला.
हाच तो संकेत, म्हणाला,
हत्यारं कुठल्या खाडीत उतरणार ते ह्यातच आहे.
मग पालमातोर, भोकं पाडलेली ती लाकडी चकती,
तळहातावर, शिंप्याच्या तळहातावर,
चार दिवस.
अठ्ठेचाळीस तासांनी कुणी म्हणे त्याने
स्वतःच एक ओळ रचून द्यायचा प्रयत्न केला.
ती चालीत बसेना. त्याने मागे घेतली.

सुटून आला तेव्हा सुई मी ओवून द्यायचो.
बोटं होती, पण दोरा त्यांना दिसत नव्हता.
पुढे बऱ्याच वर्षांनी, पाखले गेल्यावर, विचारलं:
ठाऊक असती ओळ, तर सांगितली असती?
"पयल्या दिसा ना," तो म्हणाला.
"चवथ्या दिसा, कोण जाणां."
आणि माझ्या शर्टाचं निसटतं बटण
ओढून बघत राहिला.

परवा शाळेच्या संमेलनात पोरांनी तेच गाणं म्हटलं,
पेटीवर, तबल्यावर, पूर्ण.
तिसऱ्या ओळीला शब्द होते.
चांगले होते. एका डोंगराचं नाव होतं त्यात,
आणि पहाट होती.
मागच्या बाकावर मी आणि द्वारकी,
तिची मान आता हलते सारखी,
सवयीने ओठ मिटून वर गेलो.
पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली,
शब्द येत नसतील तर गप्प बसा हो जरा.

"येत नाहीत, बाई," द्वारकी म्हणाली.